राजा आपला, सिनेमा त्यांचा

लक्ष्मण उतेकर दिग्दर्शित, संभाजी महाराजांवरचा ‘छावा’ १४ फेब्रुवारी २०२५ ला लागला आणि देशातल्या कमाईत सहाशे कोटींच्या घरात जाऊन बसला. छत्रपती संभाजीनगरात तो नुसता सिनेमा राहणं शक्यच नव्हतं. शहराचं आजचं नाव नायकाचं, कालचं नाव खलनायक औरंगजेबाचं, आणि त्या खलनायकाची कबर इथून पंचवीस किलोमीटरवर खुलताबादला. प्रदर्शनाआधी विकी कौशल येऊन घृष्णेश्वराचं दर्शन घेऊन गेला, ते वेरूळ म्हणजे संभाजी महाराजांचे पणजोबा मालोजीराजे यांचं गाव. अशा ठिकाणी ‘सिनेमा काही जमला नाही बुवा’ म्हणणारा माणूस आधी आजूबाजूला कोण आहे ते बघतो.

खालच्या संवादातली दोन्ही माणसं कल्पित आहेत, वाद मात्र खरा आहे. मामा इतिहासाचे निवृत्त शिक्षक. फाल्गुन अमावास्येला वढू बुद्रुकला समाधीच्या दर्शनाला जाणारे. भाची इथल्या विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात शिकलेली. तिला सनावळ्यांपेक्षा नट काय करतो याची ओढ जास्त. कुणालाही वाटेल की मामा सिनेमाच्या बाजूनं बोलतील आणि भाची नाक मुरडेल. झालं उलटंच.

भाची : मामा, तुम्ही ‘छावा’ला नावं ठेवायलात असं आई म्हणाली. मला खरंच वाटेना.

मामा : खरं आहे. नाही आवडला मला. आणि हे तुझ्या आईशिवाय कुणाला सांगितलेलं नाही.

भाची : का? लोकांना भिता?

मामा : भीत नाही, वैतागतो. ‘सिनेमा आवडला नाही’ म्हटलं की समोरच्याचा पुढचा प्रश्न ठरलेला : ‘म्हणजे महाराज आवडत नाहीत तुम्हाला?’ आता ज्यानं उभी हयात वर्गात वा. सी. बेंद्र्यांचं संभाजीचरित्र वाचून दाखवलं, त्यानं याला काय उत्तर द्यायचं? अगं, महाराज आपले आहेत. सिनेमा निर्मात्याचा आहे. तिकीट काढून बघितलाय, उधार नाही. कसा वाटला हे सांगायचा हक्क आहे की नाही मला?

भाची : हक्क आहे. पण मला भलताच आवडला, त्यामुळं तुमचं सगळं खोडून काढायचा हक्क माझाही आहे. सांगा, काय नाही आवडलं?

मामा : पहिलं म्हणजे तुमचा तो हिरो. विकी कौशल.

भाची : अहो, त्यालाच तर सगळ्यांनी डोक्यावर घेतलंय!

मामा : म्हणून तर बोलायची सोय नाही. मला सांग, सिनेमा सुरू होतो बऱ्हाणपूरच्या लुटीपासून. तिथं हा माणूस सिंहाचा जबडा फाडतो आणि आरोळी ठोकतो. आता पहिल्याच घासाला एवढं तिखट वाढल्यावर पुढं चव कशी लागायची? त्यानंतर दरबारात आरोळी, रणात आरोळी, संगमेश्वराला आरोळी. शेवटी छळ होतो तेव्हा चढवायला आवाजच उरत नाही. वाईट नट असता तर मी काही बोललो नसतो. नीरज घायवानच्या ‘मसान’मध्ये हाच पोरगा घाटावर प्रेतांच्या रांगेत ओळखीची अंगठी बघतो. ओरडत नाही. त्याचा नुसता चेहरा बघून माझ्या पोटात कालवलं होतं. ‘सरदार उधम’मध्ये रात्रभर जालियनवाला बागेतून जखमी उचलून हातगाडीवर घालतो, जवळजवळ काही न बोलता. एवढं येणाऱ्या नटाला इथं नुसतं घशावर राबवलंय.

भाची : आता माझं ऐका. आवाजाची पट्टी नट एकटा ठरवत नाही, दिग्दर्शक ठरवतो, आणि दिग्दर्शक समोर कोण बसलंय ते बघून ठरवतो. ‘मसान’ बघायला किती लोक गेले होते? ‘छावा’ला तीन पिढ्या एका रांगेत बसून होत्या. सिनेमा संपल्यावर पोरं उभी राहून गारद देत होती. एवढ्या समुदायाला धरून ठेवायचं तर आवाज मोठाच लागतो. तुम्हीच सांगत होता ना, ‘रायगडाला जेव्हा जाग येते’मध्ये काशिनाथ घाणेकरांच्या संभाजीला नाट्यगृह कसं दणाणायचं? तो काय कुजबुजत होता का?

मामा : घाणेकर तापट होते, पण कानेटकरांनी त्यांना भांडायला बाप दिला होता. १९६२ चं ते नाटक उभंच आहे बाप-लेकाच्या ताणावर. संभाजी ओरडतो, कारण शिवाजी महाराज त्याला समजून घेत नाहीत असं त्याला वाटतं. ओरडण्याच्या आत दुखणं आहे. इथं दुखणं कुठंय? वडिलांचा आवाज स्वप्नात येतो तेवढाच.

भाची : हे थोडंसं मान्य. खरं तर आमच्या शास्त्रातच तुमच्या बाजूचा मुद्दा आहे. भरतानं वीररसाचा स्थायीभाव उत्साह सांगितलाय आणि रौद्राचा क्रोध. ‘छावा’त वीर म्हणून जे दाखवलंय त्यातलं बरंचसं रौद्र आहे. उत्साह, म्हणजे काम करायची उमेद, डाव टाकायची मजा, ती कमी दिसते.

मामा : बघ, पुस्तकातून का होईना, आलीस की नाही वाटेवर!

भाची : थांबा, अजून हरले नाही. कैदेतला तो प्रसंग आठवा. महाराज आणि कवी कलश साखळदंडात जखडलेले आणि एकमेकांशी कवितेत बोलतात. तिथं विकीचा आवाज खाली येतो, विनीतकुमार सिंह त्याला तोलून धरतो. दोन मित्र आहेत, मरणार आहेत हे दोघांना ठाऊक आहे, तरी एकाच्या ओळीला दुसरा ओळ लावतो. आणि कलशाचं म्हणाल तर आपल्या बखरींनी त्याला ‘कलुषा’ करून टाकलं होतं. राजाला नादी लावणारा कनोजी कपटी. त्या माणसाला लोकांनी पहिल्यांदा रडत रडत निरोप दिला. हे काम कमी आहे का?

मामा : नाही. तो प्रसंग चांगला आहे, त्यात वाद नाही. एवढ्या मोठ्या सिनेमात तेवढाच माझ्यासोबत घरी आला. तो आणि दुसरा एक, पण दुसऱ्याचं नाव घेतलं तर तूच मला गप्प बसवशील.

भाची : अक्षय खन्ना.

मामा : हळू बोल.

भाची : (हसून) मामा, घरातच आहोत आपण.

मामा : माझं मत असं आहे, आणि या शहरात ते चारचौघांत बोलायचं नाही : सिनेमातला सगळ्यात चांगला अभिनय औरंगजेबानं केलाय. सिनेमाच्या सुरुवातीला बादशहा त्रेसष्टीच्या आसपासचा. संभाजी महाराज चोविशीत. पुढं तुळापूरला महाराज गेले तेव्हा वय एकतीस, बादशहा सत्तरीत. अक्षय खन्ना ते सगळं वय अंगात घेऊन बसतो. डोळे अर्धे मिटलेले, बोलणं तोलूनमापून. समोरचा कितीही ओरडो, तो मान हलवण्याइतपतच हालचाल करतो. आणि बऱ्हाणपूरनंतर मुकुट उतरवून ठेवतो, संभाजी हाती लागेपर्यंत घालायचा नाही म्हणून. लोकांना वाटलं ही पटकथाकाराची करामत. ती नाही. १६८२ सालच्या कारवारच्या इंग्रजांच्या पत्रात जवळपास हेच लिहिलंय, बादशहानं पगडी फेकली आणि शपथ घेतली म्हणून. म्हणजे बघ, अस्सल कागदातला प्रसंग मिळाला तो खलनायकाला, आणि नायकाच्या वाट्याला आला सिंह.

भाची : पण मग ते यशच नाही का सिनेमाचं? खलनायक जितका भारी, तितका नायक मोठा. ‘तान्हाजी’त सैफ अली खानचा उदयभान होता, तेव्हाही लोक असंच म्हणाले. आणि अक्षय खन्नानं त्याच वर्षी डिसेंबरात ‘धुरंधर’मध्ये पुन्हा तेच केलं : नायक रणवीर सिंह, चर्चा याची.

मामा : नायक मोठा होतो खरा, पण कधी? त्यालाही खलनायकाइतकं लिहिलं तर. खलनायकाला थांबायची, विचार करायची मुभा आणि नायकाला फक्त धावायची. हा दोष विकीचा नाही म्हणतेस, तर बरं, लिहिणाऱ्यांचा म्हणू. पण मला त्याहून जास्त खटकलं ते लोकांचं वागणं. या सिनेमातल्या एका मराठी नटानं मुलाखतीत सांगितलं की औरंगजेबाची भूमिका करणाऱ्याशी सेटवर मी बोललोच नाही. लोकांनी त्याची खिल्ली उडवली, हे बरं झालं. आपल्याकडं निळू फुल्यांना गावोगावच्या बायांनी शिव्याशाप दिले. त्या भाबड्या होत्या. पण आज शिकलेली माणसं अक्षय खन्ना आवडला म्हणायला कचरतात, तेव्हा कठीण वाटतं.

भाची : यात मी तुमच्या बाजूची. नटाला दाद देणं म्हणजे भूमिकेला हार घालणं नाही. हे कळत नसेल तर नाटकच बंद करावं लागेल, कारण मग रावण कुणी करायचा? पण तुमचा मुख्य राग अभिनयावर नाही, मामा. काहीतरी दुसरं आहे.

मामा : आहे. मला सांग, सिनेमा बघून तुला संभाजी महाराजांच्या राज्यकारभाराबद्दल काय कळलं?

भाची : कारभार बघायला कोण जातं थिएटरात?

मामा : बरं, कारभार सोड, लढायाच घे. नाशिकजवळ रामशेज नावाचा एक किल्ला आहे. बेताचाच. औरंगजेबाच्या फौजांना वाटलं, चार दिवसांत घेऊ. तो जवळजवळ पाच वर्षं लढला. किल्ल्यावर तोफा नव्हत्या, तर मावळ्यांनी लाकडाच्या तोफा केल्या आणि त्यांना कातडं मढवलं. हे आपल्या बखरकारानं नाही, मुघलांकडच्या खाफीखानानं लिहून ठेवलंय. मुघलांनी उंच लाकडी दमदमा बांधला, सरदार बदलले, शेवटी एका मांत्रिकानं सोन्याचा साप करून आणला आणि म्हणाला, हा घेऊन पुढं निघतो, किल्ला पडतो की नाही बघा. वरनं गोफणीचा गोटा आला आणि मांत्रिक साप टाकून आडवा. यात काय नाही? शौर्य आहे, डोकं आहे, विनोदसुद्धा आहे. आणि सिंहाची गरज नाही.

भाची : हे खरंच दाखवायला पाहिजे होतं.

मामा : पुढं ऐक. १६८३ च्या नोव्हेंबरात महाराजांनी गोव्यात जुवे बेट घेतलं. पोर्तुगीज विजरई कोंद द आल्व्होर कसाबसा जीव वाचवून निसटला. मराठे आता गोव्यात येणार या धास्तीनं तो सेंट झेवियरच्या शवपेटीपाशी गेला, आपला राजदंड त्याच्या पायाशी ठेवला आणि म्हणाला, आता तूच वाचव. विचार कर, पडद्यावर ते चर्च, मेणबत्त्या आणि गुडघे टेकलेला विजरई. संभाजी चौकटीत नसतानाही किती मोठा दिसला असता! जंजिऱ्यासाठी समुद्रात भराव घालायला घेतला, तो आणखी वेगळा. आणि ‘बुधभूषण’ लिहिणारा, संस्कृत जाणणारा राजा तर कुठंच नाही. नऊ वर्षांच्या कारकिर्दीत चार-चार शत्रू अंगावर घेतलेला माणूस सिनेमात एकाच शत्रूवर धावून जातो. बऱ्हाणपूरच्या स्वारीचं नेतृत्वसुद्धा बहुतेक इतिहासकार हंबीरराव मोहित्यांना देतात. आशुतोष राणांसारखा नट हंबीररावाला मिळाला होता, तरी ते श्रेय नायकाकडंच.

भाची : मामा, दोन तास एकेचाळीस मिनिटांचा सिनेमा आहे. रामशेज, गोवा, जंजिरा, बुधभूषण सगळं घातलं तर मालिका होईल. आणि ती होऊन गेली. ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ अडीच वर्षं चालली, अमोल कोल्हे घराघरांत पोचले. सिनेमाला एक कणा लागतो. उतेकरांनी कणा निवडला : एक बादशहा, एक राजा आणि त्यांची नऊ वर्षांची झुंज. शिवाजी सावंतांची कादंबरी केवढी जाड आहे, त्यातून त्यांनी एवढंच उचललं. निवड तुम्हाला आवडली नाही हे ठीक, पण निवड करणं ही लबाडी नाही.

मामा : लबाडी म्हणालोच नाही.

भाची : आणि दुसरं. तुम्ही ज्या संभाजी महाराजांची ओळख आयुष्यभर करून दिलीत, ती किती जणांपर्यंत पोचली? चिटणीस बाळाजी आवजींना महाराजांनी देहदंड दिला. त्यांच्याच घराण्यातल्या मल्हार रामराव चिटणीसांनी शंभरावर वर्षांनी बखर लिहिली आणि राजा व्यसनी, बेताल ठरवला. त्यावर नाटकं आली, गडकऱ्यांचं ‘राजसंन्यास’ आलं. बेंद्र्यांचा ग्रंथ यायला १९६० उजाडलं, कमल गोखल्यांचा त्यानंतर दहाएक वर्षांनी. किती लोकांनी वाचले? तुमच्या वर्गातल्या मुलांनी तरी? सिनेमानं एका महिन्यात जे केलं ते ग्रंथांनी साठ वर्षांत केलं नाही. उत्तर प्रदेश-बिहारातल्या माणसाला तर संभाजी हे नावच नवीन होतं.

मामा : हे तू बरोबर बोललीस आणि मला याचंच वाईट वाटतं. बदनामी पुसली जाणं ही केवढी मोठी गोष्ट. पण ती पुसून तिथं काय लिहिलं? बखरीतला संभाजी रागीट होता, सिनेमातलाही रागीटच आहे. बखरीत तो राग दुर्गुण होता, इथं गुण. माणूस मात्र तेवढाच राहिला. आणि गंमत बघ, हसणारा संभाजी एका ठिकाणी होता, तोही काढला.

भाची : लेझीम.

मामा : हो. जानेवारीत ट्रेलर आला, त्यात महाराज आणि येसूबाई लेझीम खेळताना दिसले. गदारोळ झाला. उतेकर राज ठाकऱ्यांना भेटले आणि दृश्य कापलं.

भाची : तुमच्यासारखे भक्तच म्हणाले होते की राजा असा नाचतो का!

मामा : माझ्यासारखे नव्हे. मला काहीच वावगं वाटलं नाही. ‘बाजीराव मस्तानी’त पेशव्याला ज्या पद्धतीनं नाचवलं, ते मलाही रुचलं नव्हतं. पण लेझीम हा मर्दानी खेळ आहे, आमच्या शाळेत पंधरा ऑगस्टला पोरं खेळतात. विशीतला राजा सणाला लेझीम घेऊन चार पावलं टाकतो, यात कमीपणा कसला? लोकांनी काय केलं, हसणारं दृश्य काढायला लावलं आणि छळाची दृश्यं डोळे भरून बघितली. राजाचा आनंद आपल्याला चालत नाही, यातना चालतात.

भाची : हे मात्र लागलं, मामा. पण यातना खऱ्या होत्या ना? ११ मार्च १६८९ ला जे झालं ते सिनेमावाल्यांनी रचलेलं नाही. तुम्ही ‘सरदार उधम’चं कौतुक केलंत, त्यातही जालियनवाला किती वेळ चालतं! मग इथंच का खुपलं?

मामा : तिथं कॅमेरा मेलेल्या साध्या माणसांकडं बघतो. उधम त्यांना उचलतो, स्वतः लहान होत जातो. बघणारा दमतो आणि गप्प होतो. इथं जखम दाखवली की संगीत चढतं, हाल केले की डायलॉग येतो. बघणारा गप्प होत नाही, तापतो. आणि तापलेला माणूस बाहेर पडल्यावर काहीतरी शोधतो.

भाची : म्हणजे तुम्ही मार्च महिन्याचं बोलताय.

मामा : बोलावंच लागेल. सिनेमात बऱ्हाणपूरचा खजिना बघून तिकडं असीरगडाजवळ लोकांनी टॉर्च आणि मेटल डिटेक्टर घेऊन रात्री शेतं खणली, मुघलांचं सोनं सापडेल म्हणून. त्यावर आपण हसलो. मग कबर हटवायची मागणी पेटली, १७ मार्चला नागपुरात दंगल झाली, आणि मुख्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितलं की या चित्रपटानंतर औरंगजेबाविषयीच्या लोकांच्या भावना उसळल्या आहेत. खुलताबादला पोलिस बसले. त्यावर हसू आलं नाही.

भाची : यात मी तुमच्याशी भांडणार. सिनेमात कबरीचा उल्लेख आहे का? कुणी हात उचला असं म्हटलंय का? तापलेल्या माणसाला दिशा दाखवणारे दुसरेच असतात. १९८८ साली बाळासाहेब ठाकऱ्यांनी या शहराला संभाजीनगर म्हटलं, तेव्हा विकी कौशल जन्मायलाही आठवडाभर होता. वाद आपल्याकडं सिनेमाच्या आधीपासून आहे. उद्या कुणी शेत खणलं म्हणून उतेकरांना फावड्याचं बिल पाठवणार का?

मामा : (हसून) नाही पाठवणार. दंगलीचा दोष दंगल करणाऱ्यांचा आणि भडकवणाऱ्यांचा, सिनेमाचा नाही. माझं म्हणणं त्याहून साधं आहे. या सिनेमानं महाराजांचं मरण तपशिलात सांगितलं आणि जगणं थोडक्यात उरकलं. म्हणून बघणाऱ्याच्या हाती राग आला, माहिती आली नाही. रामशेज दाखवला असता तर पोरं रामशेजला गेली असती. मरणच दाखवलंत तर ती मारणाऱ्याला शोधणार. आणि इथं शोधायला लांब जावं लागत नाही. जैनुद्दीन शिराजींच्या दर्ग्याच्या आवारात एक उघडी कबर. वर घुमट नाही, माती, त्यात सब्जाचं रोप, भोवती नंतर बसवलेली संगमरवरी जाळी. दख्खन गिळायला आलेला बादशहा इथंच मातीला मिळाला, परत दिल्लीला जाऊ शकला नाही. संभाजी महाराजांनंतर राजाराम, ताराबाई, संताजी, धनाजी यांनी त्याला जाऊ दिलं नाही. वर्गात मी हेच सांगायचो की ती कबर आपल्या विजयाची खूण आहे. सिनेमा बघून आलेल्या पोराला ती विजयाची वाटत नाही, अपमानाची वाटते. एवढा फरक पडला.

भाची : हे तुम्ही बाहेर का बोलत नाही?

मामा : बोललो की ऐकणारा मधला भाग गाळून घरी जाईल आणि सांगेल, गुरुजी औरंगजेबाची कबर राखा म्हणतात.

भाची : पण मामा, राज ठाकरे गुढीपाडव्याला शिवतीर्थावर हेच तर म्हणाले, सिनेमा बघून जागं होणाऱ्यांविषयी. लोकांनी ऐकून घेतलं.

मामा : त्यांच्यामागं पक्ष आहे. माझ्यामागं पेन्शन.

भाची : बरं, आता माझी दोन मतं ऐका, तीही चारचौघांत चालणारी नाहीत. एक : विकी कौशल मराठी नाही आणि सिनेमा हिंदी आहे, ही तक्रार आपण करू नये. आपण मराठीत बनवले तेव्हा काय केलं? ‘छावा’च्या आदल्याच वर्षी दिग्पाल लांजेकरांचा ‘शिवरायांचा छावा’ आला. विषय तोच, राजा तोच. तुमच्या मित्रांपैकी किती जण गेले? हिंदीला रांगा लावायच्या आणि मग मराठीत डब करा म्हणायचं, हे बरं नाही.

मामा : लागलं. दुसरं?

भाची : लोकांना आवडलं म्हणून ते हलकं, असं आमच्या नाटकवाल्यांत एक खूळ आहे. दादा कोंडक्यांना असंच नाकं मुरडली आणि त्यांचे सिनेमे लागोपाठ रौप्यमहोत्सव करत गेले. आज त्यांच्यावर लोक अभ्यास करतात. अजिंठा-वेरूळ महोत्सवात बसून इराणी सिनेमा बघणारी मी, ‘छावा’ बघताना रडले आणि बाहेर येऊन मित्रांना सांगितलं नाही. तुम्हाला न आवडल्याची चोरी, मला आवडल्याची.

मामा : मग आपण दोघं सारखेच झालो.

भाची : सारखे नाही. मी अजूनही म्हणते, सिनेमा चांगला आहे.

मामा : आणि मी म्हणतो, मोठा आहे, चांगला नाही. विकी गुणी नट, त्याचं हे काम उत्तम नाही. अक्षय खन्ना सरस. रहमानचं संगीत या मातीत रुजलं नाही. कवी कलशाचा प्रसंग मात्र पुन्हा बघेन.

भाची : आणि लेझीम परत घाला म्हणून सांगू का उतेकरांना?

मामा : सांग. आणि म्हणावं, रामशेजवर करणार असाल तर मराठीत करा. तिकीट मी काढतो, पहिल्या दिवसाचं.

वाद इथं मिटला नाही आणि मिटायची गरजही नाही. मामांच्या बाजूनं एक गोष्ट मात्र निकालात काढता येते : पडद्यावरच्या नटाचं माप काढल्यानं राजाचं माप कमी होत नाही. संभाजी महाराज या सिनेमाच्या आधी साडेतीनशे वर्षं होते, पुढंही राहतील. ‘छावा’ आणखी दहा वर्षांनी कसा वाटतो ते दहा वर्षांनी कळेल. तोवर कुणी ‘मला आवडला नाही’ म्हणालं, तर त्याची निष्ठा तपासू नका. कुठला प्रसंग खटकला ते विचारा आणि त्याचं पूर्ण ऐकून घ्या.